आधी कापणीचं बोल

अगं, तुझ्या नेमणुकीचं कळलं तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं होतं. फोनवर ते होत नाही. तू घाईत असतेस आणि माझ्या इथं रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. तालुका अवर्षणप्रवण, काम पर्यायी पिकांच्या प्रसाराचं, आणि तुझ्या डोक्यात विद्यापीठाच्या सगळ्या शिफारशी अजून ताज्या. त्या शिफारशींमागं लोकांनी आयुष्यं घातलीत, तेव्हा त्यांचा मान ठेव. पण पहिल्याच आठवड्यात बियाण्याच्या पिशव्या जीपमध्ये टाकून गावात जाऊ नकोस. रिकाम्या हातानं जा. आणि कुठल्याही पिकाचं नाव काढण्याआधी विचार, की हे कापणार कोण आणि निघालेला माल जाणार कुठं.

आपल्याकडं शिकवताना पीक पेरणीपासून सुरू होतं. शेतकऱ्याच्या मनात ते कापणीपासून सुरू होतं. फेब्रुवारीत मजूर मिळेल का, मळणीयंत्र बांधापर्यंत येईल का, अडत्या पोत्यात हात घालून काय भाव बोलेल, याचा अंदाज घेऊनच तो सप्टेंबरात तिफण बाहेर काढतो. आपण त्याच्यापुढं हेक्टरी उत्पादनाचा तक्ता धरतो, तो मान हलवतो आणि घरी जाऊन हरभरा पेरतो. मग अहवालात ‘शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव’ असं वाक्य जातं. हे वाक्य तू कधीही लिहू नकोस, बाई. मला त्याचा फार राग येतो. जागृती भरपूर असते. आपण त्याच्या हिशेबात बसणारी गोष्ट नेलेली नसते.

करडईचंच बोलते, कारण तुझ्या यादीत ती असणारच आणि मी तिच्यासोबत बरीच वर्षं काढलीत. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे जत-आटपाडी या पट्ट्यात पावसाचा भरवसा धरायचा तो सप्टेंबरवर. खरीप हातचा गेला तरी उत्तरा-हस्ताचा पाऊस काळ्या रानात मुरतो, आणि त्या ओलीवर रब्बी निघते. पुढं पाऊस आला तर देवाची कृपा. अशा रानात करडईसारखं पीक नाही. तिचं सोटमूळ दोन मीटरच्याही खाली जातं. ज्वारीची मुळं जिथं थांबतात, त्याच्या खालची ओल करडई वर ओढते. जानेवारीत जमीन भेगाळते, शेजारची पिकं मान टाकतात, आणि ही मात्र पिवळ्या-केशरी फुलांनी भरून उभी असते.

पण जमीन खोल हवी. शेतात जाताना कुदळ घेऊन जा आणि स्वतः खणून बघ. सातबाऱ्यावर एकच गट असतो, पण टेकाडाकडून ओढ्याकडं चालत गेलीस तर वीतभर मातीपासून पुरुषभर मातीपर्यंत सगळं एका बांधात सापडतं. दोन फुटांच्या आत मुरूम लागला तर तिथं करडईचं नाव काढू नकोस. मूळ अडकलं की तिची सगळी ताकद संपते. अशा वेळी ‘दादा, या तुकड्यात नको’ म्हणून सांगावं. प्रसाराचं काम करणारी बाई ‘नको’ म्हणाली, याचं गावाला एवढं आश्चर्य वाटतं, की पुढं तू ‘हो’ म्हणालीस तर लोक ऐकतात. ज्वारीचंही तेच. हलक्या रानाला फुले अनुराधा, भारीला फुले वसुधा असे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणं दिलेले आहेत, ते त्यासाठीच.

तुला ठाऊक आहे ना, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चाललंय? तिथल्या कानिटकरांनी तेव्हा जे सांगितलं ते आजही खोडून काढता आलेलं नाही. बांधबंदिस्ती कर, पावसाचं पाणी जिथल्या तिथं मुरव, बी कमी टाक, ओळींत अंतर जास्त ठेव आणि कोळपणी चुकवू नकोस. तीन कोळपण्यांचं वेळापत्रक पाठ असेल तुझं: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. पण गावात ते पाठांतरासारखं म्हणून दाखवू नकोस. शेवटची कोळपणी तणासाठी नसते, भेगा बुजवण्यासाठी असते, हे एकदा भेगेत हात घालून दाखव. भेग मनगटभर रुंद असेल तर हात कोपरापर्यंत जातो आणि आतली माती गार लागते. तीच गार ओल वर उडून चाललीय, एवढं त्या माणसाला बोटांनी कळलं की तुझं व्याख्यान संपलं.

मग इतकं चांगलं पीक गेलं कुठं? मला हे नव्या मुली नेहमी विचारतात. एकट्या महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर करडई होती. प्रत्येक घरात करडईचं तेल होतं, गावोगाव घाणे होते. आता तालुक्यात चार शेतं शोधावी लागतात. यात दोष कुणा एकाचा नाही. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलापुढं घाणा बसला. घाणा बसला तसं गावातलं गिऱ्हाईक गेलं. खरिपात सोयाबीन शिरलं, जिथं विहिरीला पाणी होतं तिथं ऊस आणि हरभरा आला. आणि मजूर मिळेना, हे सगळ्यात मोठं कारण. करडईला काटे असतात. कागदावर ‘काटेरी’ हा एक शब्द आहे. रानात तो काय असतो ते बघ एकदा.

मोहोळकडच्या एका रानात मी कापणी जवळून बघितलीय. फाल्गुनातलं ऊन चढायच्या आत, पहाटेच्या दवानं काटे जरा मऊ असतात तेवढ्याच वेळात बायका कापतात. पायाला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे मोजे, डाव्या हातात लाकडाची बेचकी. बेचकीनं झाड दाबून धरायचं आणि उजव्या हातानं विळा बुडाशी घालायचा. कापलेलं झाड हातानं उचलता येत नाही, बेचकीनंच लोटायचं. ढीग केला की त्यावर दगड ठेवायचे, नाहीतर वाळलेली झाडं वाऱ्यानं उडून जातात. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की काम बंद. एक आक्का मला तळहात दाखवत होती. आत मोडलेले काटे बारीक काळ्या ठिपक्यांसारखे दिसत होते. ती म्हणाली, ‘पीक चांगलं हाय पोरी, पण ह्याला हात कुणाचा लावायचा?’ मालक शेजारीच होता. त्याला एकरी उत्पादन तोंडपाठ होतं, पण कापणी जिवावर येते म्हणून पुढच्या साली करडई बंद, हे त्या बायांनी ठरवलेलं होतं.

म्हणून सांगते, बैठक घेशील तेव्हा पारावरच्या मंडळींना नमस्कार कर, चहा घे, आणि मग बायकांकडं जा. खुरपणीच्या वेळी बांधावर बस. त्यांना विचारलंस की कुठल्या पिकाची कापणी जिवावर येते, कुठल्याची मजुरी धान्यात मिळते, कुठल्याचं काड जनावर खातं, तर महिनाभराच्या सर्वेक्षणापेक्षा जास्त कळेल. तू बाई आहेस, हा या कामात तुझा फायदा आहे. तो वापर.

काट्यांवर उपाय निघाला तो फलटणला. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी बिनकाट्याच्या करडईवर चिकाटीनं काम केलं. नारी-६ हा बिनकाट्याचा वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा पहिला संकर त्यातूनच आले. मला त्या कामाचा फार आदर वाटतो. कारण तिथं कुणीतरी उत्पादनाच्या आकड्याबरोबर कापणाऱ्या हाताचा विचार केला. शिवाय बिनकाट्याच्या झाडाच्या पाकळ्या सहज वेचता येतात. फुलं सुकायला लागून पाकळ्या लालसर झाल्या की त्या काढल्या तरी बोंडातलं बी कमी होत नाही, आणि पाकळ्यांना रंगासाठी, काढ्यासाठी मागणी असते. पण पाकळ्यांचं गिऱ्हाईक आधी नक्की कर आणि मगच बायकांना वेचायला सांग. वेचलेला माल घरात पडून राहिला तर त्या पुन्हा तुझ्या बैठकीला यायच्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता याच्या उलट बाजूही ऐक. सोलापूरकडं काळविटांचे कळप आहेत, रानडुकरं आहेत. तिथला शेतकरी हरभऱ्याच्या चारी कडांना करडईचे तास मुद्दाम घालतो, कारण काट्याला जनावर तोंड लावत नाही. त्याच्यापुढं तू मोठ्या उत्साहानं बिनकाट्याचं बी ठेवलंस, तर तो विचारेल, ‘मग कुंपण कशाचं?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. आम्ही असं करतो की कडेला भीमा या वाणासारखी काटेरी करडई आणि आत बिनकाट्याची. फक्त मधमाश्या फुलाफुलांत फिरतात, तेव्हा ज्याला घरचं बी राखायचंय त्यानं ते कडेपासून लांब, रानाच्या मधून राखावं. आणि संकराचं बी दरसाल विकत घ्यावं लागतं, हे आधीच सांग. दुसऱ्या वर्षी त्यानं घरचं बी पेरलं आणि झाडं निरनिराळी आली, तर तो फसवलं म्हणेल.

प्रात्यक्षिकाचं तर तुला कळकळीनं सांगायचंय. तुझ्यावर दबाव येईल, की रस्त्याकडेचं रान घे, बोर्ड दिसला पाहिजे, साहेबांची गाडी थांबली पाहिजे. रस्त्याकडेचं रान बहुतेक वेळा ज्याच्याकडं पाणी आहे त्याचं असतं. त्यानं दोन पाणी जास्त दिली की पीक जोमदार दिसतं आणि आतल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. तू आतलं रान घे. एकाच शेतकऱ्याच्या एकाच तुकड्यात अर्ध्यात त्याची नेहमीची पद्धत, अर्ध्यात तुझी. खत, पेरणीची तारीख, मजुरी सगळं त्याच्याच वहीत त्याच्याच हातानं लिहून घे. मळणीच्या दिवशी काटा खळ्यावर न्यायचा आणि गावातल्या चार जणांसमोर वजन करायचं. तुझं कमी भरलं तरी तेच वजन सांगायचं. एखाद्या वर्षी हस्त कोरडा जातो आणि दोन्ही अर्धे सारखेच पडतात; त्याही वर्षी शिवारफेरी घे. वाईट सालात पीक कसं वागलं, हे शेतकऱ्याला चांगल्या सालापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं, कारण त्याला पीक बदलायचंय तेच मुळी वाईट सालासाठी.

करडईत एका जागी तुझं आणि शेतकऱ्याचं हमखास अडेल, आणि ती जागा म्हणजे विरळणी. पेरणीनंतर दहा-पंधरा दिवसांत दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटायची असतात. उगवून आलेलं रोप उपटायचं म्हटलं की शेतकऱ्याचा जीव तुटतो. दाट राहिली की ओल सगळ्यांत वाटली जाते, फांद्या फुटत नाहीत आणि बोंडं बारीक राहतात, हे तू कितीही सांगितलंस तरी हात धजत नाही. इथं बायकांना पुढं कर. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते. करडईची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. तुला आईनं केलेली आठवते ना? ‘भाजी न्यायला या’ म्हटलं की एका सकाळी सगळा तुकडा विरळून होतो. बाजारच्या गावी जुड्या विकल्या तर चार पैसेही सुटतात.

माव्याचं थोडक्यात सांगते. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापलीकडं गेली की काळा मावा झोडपतो, म्हणून सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सोडू नकोस. मावा आधी कडेच्या ओळींवर येतो. तिथंच नजर ठेवून तेवढ्यावरच फवारलं तर बऱ्याचदा भागतं, सगळ्या रानावर औषध ओतायची गरज पडत नाही. मर रोग दिसलेल्या रानात पुन्हा करडई घेऊ देऊ नकोस. आणि पाणी असलं म्हणून जास्त देऊ देऊ नकोस. एखादं पाणी द्यायचंच तर जमिनीला भेगा पडायच्या आत, हलकं. भेगाळलेल्या रानात पाट सोडला की झाडं उभी वाळतात, आणि दोष बियाण्यावर येतो.

विक्रीचं मात्र खोलात जाऊन बघ. हमीभाव दरसाल जाहीर होतो. २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामासाठी करडईचा क्विंटलला ५,९४० रुपये होता. पण जाहीर होणं वेगळं आणि तुझ्या तालुक्यात खरेदी केंद्र उघडणं वेगळं. माल थोडा असला की व्यापारी मोठी गाडी लावत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याची चार पोती घेऊन कुणी नीट भाव देत नाही. म्हणून एका गावात एकाच वर्षी दहा-बारा जणांनी मिळून पेरावं, असं बघ. विखुरलेल्या दहा गावांतल्या दहा प्रात्यक्षिकांनी अहवाल भरतो, पण बाजार उभा राहत नाही. एकाच शिवारात तीस-चाळीस एकर झाली की मळणीयंत्रवाला यायला तयार होतो, व्यापारी फोन करतो, आणि पाखरं-जनावरांचं नुकसानही एकट्याच्या माथी येत नाही.

आणि घाण्याचं बघच. शहरात आता लोक लाकडी घाण्याचं तेल जास्त पैसे देऊन घेतात. साधारण चार किलो करडईत किलोभर तेल निघतं, पेंड जनावराला जाते. एखाद्या बचत गटाला घाण्यासाठी उभं करता आलं तर पोतं विकण्यापेक्षा डबा विकणं कितीतरी परवडतं. मात्र गटाच्या बायकांना विजेचं बिल, डब्यांचा खर्च, उधारी हे सगळं मांडून दाखव आणि मगच कर्जाच्या अर्जावर सही घे. निदान सुरुवातीला घरच्या खाण्यापुरतं तेल काढा म्हणावं. वर्षाचं तेल घरचं झालं, की दुकानातली पिशवी बंद होते, आणि तो वाचलेला पैसा बाईच्या हातात दिसतो. मी पाहिलंय, ज्या घरात करडई टिकलीय तिथं ती बहुतेक याच कारणानं टिकलीय.

तुझ्याकडं आणखीही पिकं येतील. चिया, किनोवा, ड्रॅगन फ्रूट. कुणीतरी चकचकीत गाडीतून येऊन महागडं बी विकेल आणि ‘सगळा माल आम्हीच घेऊ’ असं लिहून देईल. माझ्या ओळखीच्या एका गावात अशाच एका कंपनीनं बी विकलं, आणि माल निघाला तेव्हा फोन उचलणारं कुणी नव्हतं. पोती वर्षभर पडवीत पडली होती. ही पिकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जतकडं ड्रॅगन फ्रूटनं काही घरं सावरलीत. पण खांब, रोपं, ठिबक मिळून सुरुवातीचा खर्च एवढा असतो की अडीच एकरवाल्यानं तो कर्ज काढून करू नये, हे त्याला सांगणारं कुणीतरी गावात लागतं. ते तू हो.

मोठ्या प्रमाणावर पीकबदल झाल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना अभ्यास. बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा कोरड्या माळांवर गेले ते तिच्यामुळं. झाड लावल्यावर फळ येईपर्यंतची वर्षं खायचं काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न तिनं ओळखला. खड्डे खणण्याची, झाडं जगवण्याची मजुरी त्याला स्वतःच्याच शेतात मिळाली, तीही तीन वर्षं. पुढं डाळिंबावर तेल्या रोग आला आणि सगळं रान एकाच फळाखाली घातलेल्यांचं फार नुकसान झालं, तेही वाच. तुझ्या शेतकऱ्याला कधीही सगळं रान नव्या पिकाखाली घालायला लावू नकोस. घरची ज्वारी आणि कडबा त्याच्याकडं राहिलाच पाहिजे. ज्वारीच्या सहा तासांमागं करडईचे तीन, असंही सुरू करता येतं.

आणि हो, संशोधन केंद्राशी बोलणं ठेव. गावातून जे ऐकशील ते तिथं नेऊन सांग: बोंड झडतं का, काटा किती बोचतो, बी बारीक पडतं का. तिथल्या लोकांना ते हवं असतं, फक्त त्यांच्यापर्यंत कुणी पोचवत नाही. शेतकऱ्याचं नाव घालून पत्र लिही, म्हणजे पुढच्या शिवारफेरीला ते त्यालाच शोधत येतील.

एवढ्यात तू माझ्यासाठी तीन कामं कर. तालुक्यात चालू घाणे किती आणि कुठं आहेत ते लिहून काढ. करडईची बारीक चाळणी असलेलं मळणीयंत्र कुणाकडं आहे ते विचार आणि त्याचा भाडेदर घे. तिसरं म्हणजे तुझ्या मंडळाच्या पाच-सहा गावांत खोल काळं रान कुठं आहे, ते जुन्या माणसांना सोबत घेऊन नकाशावर रंगव. म्हाताऱ्यांना प्रत्येक गटाची माती ठाऊक असते. मग ऑगस्टच्या शेवटी मी दोन दिवस रजा काढून येते. सपाट वाफे पाडलेत का ते बघू, बी कुठलं आणायचं ते गावातल्या बायकांसोबत बसून ठरवू. माझी राहायची सोय तुझ्याच खोलीवर कर, आणि गावात जायला बूट घे, चपला नकोत.